एका ‘चेक’ची कुळकथा

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनानिमित्त झालेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



इंग्रजीच्या शिक्षकाला व्यासपीठावर उभे केले की तो व्याकरण काढणार, ही भीती मागच्या रांगेतल्या मुलांच्या चेहऱ्यांवर मला इथूनच दिसते आहे. घाबरू नका. आज मी एकाच शब्दाविषयी बोलणार आहे आणि तो शब्द इथे जमलेल्या प्रत्येकाला, शाळेची पायरी न चढलेल्या आजीलाही, ठाऊक आहे. तो शब्द म्हणजे ‘चेक’.

बँकेत भरतो तो चेक. ईदला शिवतो तो चेक्सचा शर्ट. गाडीत चढतो तो तिकीट चेकर. डॉक्टरांकडे करून घेतो ते चेकअप. आखातात नोकरीला जाणाऱ्या आपल्या भावांना विमानतळावर दहा ठिकाणी होते ते चेकिंग. आणि रस्त्यावर लागतो तो चेकनाका, ज्यात अर्धा शब्द इंग्रजी आणि अर्धा आपला, तरी दोघे वर्षानुवर्षे गुण्यागोविंदाने नांदत आहेत.

आता वर्गातली गोष्ट सांगतो. नववीच्या चाचणीत मी एक वाक्य भाषांतराला दिले होते : ‘द डॉक्टर चेक्ड द ब्लीडिंग.’ बहुतेक मुलांनी लिहिले, ‘डॉक्टरांनी रक्तस्राव तपासला.’ वाक्य वाचायला बरे वाटते. पण रुग्णाच्या दृष्टीने विचार करा. रक्त वाहते आहे आणि डॉक्टर नुसते तपासत उभे आहेत! त्या वाक्यात डॉक्टरांनी रक्तस्राव थांबवला आहे. मी गुण कापले तेव्हा एका मुलाने उभे राहून विचारले, ‘सर, एका शब्दाचे किती अर्थ पाठ करायचे? तपासणे म्हणता, थांबवणे म्हणता, चौकडी म्हणता, बँकेचा कागद म्हणता. ही कसली भाषा?’

प्रश्न रागाने विचारलेला होता, पण योग्य होता. इंग्रजीत नापास झाला म्हणून मुलाची शाळा सुटली, किंवा आता पुरे म्हणून मुलीला घरी बसवले, अशी घरे आपल्या समाजात थोडी नाहीत. त्या मुलांच्या मनात इंग्रजी म्हणजे पाठांतराचा डोंगर असतो. म्हणून या प्रश्नाचे उत्तर मला सर्वांसमोर द्यावयाचे आहे. ‘चेक’चे हे चार-पाच अर्थ म्हणजे चार-पाच वेगळे शब्द नव्हेत. एकच शब्द आहे, तो फार हिंडला आहे आणि प्रत्येक गावी त्याने नवे काम धरले आहे. त्याचा प्रवास ऐकला की पाठांतराची गरज उरत नाही.

हा प्रवास बुद्धिबळाच्या पटावर सुरू होतो. शतरंज खेळावा की खेळू नये याविषयी फिकहच्या जाणकारांत मतभेद आहेत. तो प्रश्न उलेमांचा आहे, माझा नाही. मी खेळाची नव्हे, शब्दाची हकिगत सांगतो आहे.

आपल्या देशातला ‘चतुरंग’ हा खेळ इराणात गेला, तिथे ‘चतरंग’ झाला. अरबांनी इराण जिंकल्यावर तो त्यांच्याकडे आला आणि ‘शतरंज’ झाला. नवव्या शतकात अरबी भाषेत या खेळावर पुस्तके लिहिली जाऊ लागली होती आणि दहाव्या शतकातल्या अस्‌-सूली या खेळाडूचे नाव तर अब्बासी दरबारात गाजत होते. या खेळात समोरच्याच्या राजावर हल्ला केला की तोंडाने तसे सांगावयाचे, अशी रीत होती. फारसीत राजाला ‘शाह’ म्हणतात. खेळाडू मोहरे सरकवून म्हणे, ‘शाह!’ म्हणजे, तुमचा राजा सांभाळा.

मराठीत आपण यालाच ‘शह’ म्हणतो. शह देणे, काटशह, शहकाटशहाचे राजकारण हे शब्द तुम्ही वर्तमानपत्रात रोज वाचता. गंमत अशी की घरात उर्दू बोलणाऱ्यांना याच शब्दाचा वेगळा अर्थ माहीत आहे. उर्दूत ‘किसीने उसे शह दी’ म्हटले तर त्याचा अर्थ कोणी त्याला अडवले असा होत नाही, कोणी त्याला फूस दिली, चढवले असा होतो. एकाच घरात आजी उर्दूत बोलली तर शह म्हणजे उत्तेजन आणि नातवाने मराठीत लिहिले तर शह म्हणजे अडवणूक. तेव्हा एका शब्दाला अनेक अर्थ असणे हा काही एकट्या इंग्रजीचा खोडसाळपणा नव्हे.

पुढे हा खेळ अरबांबरोबर स्पेन आणि सिसिलीच्या वाटेने युरोपात शिरला. स्पेनमधल्या कॅस्टिलचा राजा दहावा अल्फोन्सो याने 1283 साली खेळांवरचा एक सचित्र ग्रंथ तयार करवून घेतला. त्यातल्या एका चित्रात एक मुसलमान आणि एक ख्रिस्ती तंबूत समोरासमोर बसून शतरंज खेळताना दिसतात. खेळ गेला तशी ‘शाह!’ ही हाकही गेली. युरोपातल्या लोकांना तिचा अर्थ ठाऊक नव्हता, पण ती दिल्याशिवाय खेळता येत नव्हते. लॅटिनमध्ये ती ‘स्काकुस’ झाली, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ झाली आणि इंग्रजांनी फ्रेंचांकडून घेऊन तिचा ‘चेक’ केला. त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनापासून ‘चेस’ हे खेळाचे नाव आले. म्हणजे ‘चेक’ आणि ‘चेस’ हे सख्खे भाऊ. जर्मन लोक आजही या खेळाला ‘शाख’ म्हणतात. रशियन लोक ‘शाखमाती’ म्हणतात, म्हणजे आपली शहमातच.

आता नववीच्या त्या वाक्याकडे येऊ. राजाला शह मिळाला की खेळाडूला मनातली चाल खेळता येत नाही. आधी राजा वाचवावा लागतो. सगळा डाव तिथल्या तिथे अडतो. त्यावरून इंग्रजीत ‘चेक’ म्हणजे अडवणे, रोखणे, आवर घालणे हा अर्थ चौदाव्या शतकातच रूढ झाला. डॉक्टरांनी रक्तस्रावाला शह दिला. ‘चेक युवर टेम्पर’ म्हणजे राग तपासून पाहू नका, रागाला आवरा. तपासण्याचा अर्थ नंतरचा, सुमारे सतराव्या शतकातला. हिशेबात लबाडी होऊ नये म्हणून जी दुसरी नोंद ठेवली जाई ती लबाडीला ‘चेक’ होती, म्हणजे लगाम होती. पुढे त्या लगामाचे काम, म्हणजे ताडून पाहणे, हाच शब्दाचा अर्थ झाला. तिकीट चेकर हा खरे तर फुकट्या प्रवाशांना दिलेला शह आहे.

‘चेकमेट’मधल्या ‘मेट’विषयीही सांगतो. पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले असते की शहमात म्हणजे ‘राजा मेला’. अरबीत ‘मात’ म्हणजे मेला. मौत, मय्यत हे शब्द त्याच धातूचे. पण फारसीतही ‘मात’ शब्द आहे आणि त्याचा अर्थ निरुपाय झालेला, थक्क होऊन राहिलेला. मला हा दुसरा अर्थ अधिक पटतो. बुद्धिबळात प्यादी मरतात, घोडे मरतात, वजीरसुद्धा मरतो. राजा मात्र कधी मरत नाही. त्याला जायला घर उरत नाही, एवढेच.

‘शाह’ शब्द तरी कुठून आला? प्राचीन इराणी शिलालेखांत राजासाठी ‘ख्शायथिय’ असा शब्द येतो. त्याचा धातू राज्य करणे या अर्थाचा आहे आणि तो संस्कृतातल्या ‘क्षत्र’, ‘क्षत्रिय’ या शब्दांचा सख्खा नातेवाईक आहे. आपण रोज ज्याला ‘शहर’ म्हणतो तो फारसी शब्दही त्याच कुळातला. त्याचा मूळ अर्थ राज्य. आता हे सारे एकत्र ठेवून पाहा. क्षत्रिय, शाह, शहर, शह, चेक, चेस. आणि आपल्या महाराष्ट्रापुरते सांगायचे तर, मालोजीराजे भोसल्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पीरांच्या नावावरून आपल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे परंपरा सांगते. म्हणजे तो शाह भोसल्यांच्या घरातही आहे.

यानंतरचा भाग मला स्वतःला सर्वांत रंजक वाटतो, म्हणून थोडा वेळ घेतो.

अरब आणि इराणी लोक ज्या पटावर खेळत तो एकरंगी असे. कापडावर नुसत्या रेघा मारलेल्या असत. एक घर काळे, एक पांढरे ही पद्धत युरोपात पडली. या पटावरून एकाआड एक रंगांच्या चौकटींना ‘चेकर’ आणि पुढे ‘चेक’ म्हणू लागले. आपली चौकडीची लुंगी आणि तुमचा चेक्सचा शर्ट यांना ते नाव बुद्धिबळाच्या पटावरून मिळाले आहे.

बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाच्या खजिन्याचा हिशेब होई, तोही अशाच पटासारख्या मेजावर. त्या कचेरीचा एक मोठा अधिकारी रिचर्ड फिट्‌झनील याने सुमारे 1177 साली लॅटिनमध्ये एक पुस्तक लिहायला घेतले. गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांतून त्याने ती सारी पद्धत समजावून दिली आहे. मेज सुमारे 10 फूट लांब, 5 फूट रुंद. कडेला चार बोटे उंच काठ, वरच्या वस्तू खाली पडू नयेत म्हणून. त्यावर काळे कापड आणि त्या कापडावर आखलेल्या रेघा. एका रकान्यात पेनी, दुसऱ्यात शिलिंग, तिसऱ्यात पौंड, मग विसा, शेकडे, हजार. रकान्यांत सोंगट्या मांडून बेरीज-वजाबाकी करायची.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण त्यांच्याजवळ आपले अंक नव्हते. ते रोमन आकड्यांत लिहीत आणि रोमन आकड्यांत शून्य नाही, स्थानाची किंमत नाही. विद्यार्थ्यांनी घरी गेल्यावर दोन मोठ्या रोमन संख्यांची वजाबाकी करून पाहावी म्हणजे राजाच्या कारकुनांची दया येईल. भारतात जन्मलेले आणि अल्‌-ख्वारिज्मीसारख्या गणितज्ञांच्या ग्रंथांतून पश्चिमेकडे गेलेले अंक इंग्लंडच्या खजिन्यात रुळेपर्यंत पुढे कित्येक शतके गेली. तोवर रिकामा रकाना हेच त्यांचे शून्य.

हे मेज बुद्धिबळाच्या पटासारखे दिसे म्हणून त्याला लॅटिनमध्ये ‘स्काकारियम’ म्हणत. तेच इंग्रजीत ‘एक्स्चेकर’ झाले आणि मेजाचे नाव पुढे सबंध खात्याला पडले. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही ‘चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर’ म्हणतात. दरवर्षी अंदाजपत्रक मांडणाऱ्या त्या मंत्र्याच्या पदवीत आपला फारसी शाह बसलेला आहे. फिट्‌झनील तर आणखी एक कारण देतो. बुद्धिबळात दोन राजांची लढाई असते, तशी या मेजावर खजिनदार आणि शेरीफ यांची लढाई असते, असे तो म्हणतो. शेरीफ म्हणजे परगण्याचा वसुली अधिकारी. त्याने पैसा दडवायचा आणि खजिनदाराने काढून घ्यायचा!

इथे जरा थांबतो. ‘शेरीफ’ ऐकताच काही पालकांनी एकमेकांकडे पाहिले. हा आपला ‘शरीफ’च की, असे मनात आले असेल. नाही. हा शेरीफ अस्सल इंग्रजी आहे. ‘शायर’ म्हणजे परगणा आणि ‘रीव्ह’ म्हणजे कारभारी, यांचा जोड. अरबी शरीफशी त्याचा काही संबंध नाही. चेहरा सारखा असला म्हणजे नाते असतेच असे नाही. विद्यार्थ्यांनी ‘चेक’ या देशनामाविषयीही हे लक्षात ठेवावे. 1993 साली चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले, त्यांतला प्राग राजधानीचा चेक देश आणि आपला बँकेचा चेक हे देवनागरीत एकसारखे दिसतात, पण ते निव्वळ नामसाधर्म्य. आणि ‘शहाणा’ शब्दाचाही शाहाशी संबंध नाही. तो ‘सज्ञान’पासून आला आहे.

पुन्हा मेजाकडे वळू. शेरीफने पैसे भरले की त्याला पावती हवी. त्या काळी पावती कागदाची नसे, लाकडाची असे. एका काठीवर रकमेच्या खाचा पाडत. हजार पौंडांची खाच तळहाताच्या जाडीची, शंभरांची अंगठ्याएवढी, विसांची करंगळीएवढी आणि एका पौंडाची भरलेल्या जवाच्या दाण्याएवढी. मग ती काठी उभी चिरून दोन भाग करत. खाचा दोन्ही भागांवर येत. एक भाग पैसे भरणाऱ्याकडे, दुसरा खजिन्यात. पुढे वाद झाला तर दोन्ही भाग जुळवून पाहायचे. एकाने लबाडीने नवी खाच पाडली तर दुसऱ्या तुकड्यावर ती कुठून येणार? या काठ्यांना ‘टॅली’ म्हणत. खजिन्यात राहणाऱ्या तुकड्याचे नाव ‘फॉइल’. आपल्या पावतीपुस्तकातल्या ‘काउंटरफॉइल’मध्ये ते नाव अजून टिकून आहे.

निरक्षर माणसालाही फसवता येणार नाही अशी ही पावती होती. आपल्याकडे अंगठा उठवून घेऊन भलत्याच रकमेचे कागद केल्याच्या गोष्टी वडीलधाऱ्यांनी ऐकलेल्या आहेत. त्यांना या काठीचे मोल मी सांगायला नको.

या काठ्या इंग्लंडात 1826 पर्यंत चालल्या. मग त्यांचे ढीग पडून राहिले. 16 ऑक्टोबर 1834 रोजी त्या पार्लमेंटच्या इमारतीतल्या भट्ट्यांत जाळायला घेतल्या. भट्ट्या इतक्या तापल्या की संध्याकाळी इमारतीनेच पेट घेतला आणि दोन्ही सभागृहे जळून गेली. आज लंडनच्या चित्रांत जी पार्लमेंटची भव्य इमारत दिसते ती त्या आगीनंतर बांधलेली आहे. जुने हिशेब जाळताना जपून जाळावेत, एवढे मी आमच्या कार्यालयातल्या मंडळींना सांगून ठेवतो!

अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात बँकेच्या कागदांच्या या जुळ्या तुकड्याला, म्हणजे काउंटरफॉइलला, ‘चेक’ म्हणू लागले. बनावट कागदाला तो शह होता ना! पुढे तुकड्याचे नाव मूळ कागदालाच लागले आणि बँकेच्या हुकुमाला चेक म्हणण्याची रीत पडली. अमेरिकेत तो अजून सी-एच-ई-सी-के असाच लिहितात. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात सी-एच-ई-क्यू-यू-ई हे लेखन रुळले, त्यावर एक्स्चेकर शब्दाच्या लेखनाची छाप आहे. आपण इंग्लंडचे लेखन उचलले. स्पेलिंगमध्ये क्यू कशाला, असे विचारणाऱ्या मुलांना आता उत्तर मिळाले असेल.

शेवटी एका नाजूक मुद्द्याकडे येतो. आपल्या सभा-संमेलनांतून पुष्कळदा ठासून सांगितले जाते की चेक हा शब्द अरबी ‘सक्क’पासून आला. सक्क म्हणजे पैसे देण्याचा लेखी हुकूम आणि तो अरब व्यापारात खरोखर चाले. दहाव्या शतकातला प्रवासी इब्न हौकल याने सहाराच्या दक्षिण टोकाच्या औदगश्त या गावी 42,000 दीनारांचा सक्क पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. देणेकरी होता सहाराच्या उत्तरेकडच्या सिजिलमासाचा. म्हणजे एवढे वाळवंट ओलांडून एका कागदावर व्यवहार होत होता. याचा अभिमान वाटावा, मलाही वाटतो.

पण शब्दाचे कूळ निराळे. काही लेखक सक्कचा पक्ष घेतात हे खरे. परंतु ऑक्सफर्डचा मोठा कोश बँकेच्या चेकला शहाच्या ‘चेक’चेच दुसरे लेखन मानतो आणि मघाशी सांगितलेला काउंटरफॉइलचा दुवा कागदोपत्री दिसतो. सक्क आणि चेक यांमध्ये तसा सलग दुवा कोणी दाखवलेला मला आढळला नाही. एका बुजुर्गांनी मला विचारले होते, ‘मास्तर, आपल्या बाजूचे आहे ते कशाला खोडता?’ मी त्यांना अदबीने म्हणालो, चाचा, जे खरे आहे तेही आपल्या बाजूचेच आहे. शब्द फारसी शाहापासून आला हे इंग्रजांचाच कोश कबूल करतो. त्यात भर घालायला गेलो आणि उद्या आपल्याच मुलाने कॉलेजात ते विधान केले, प्राध्यापकांनी पुरावा मागितला, तर खाली मान त्या मुलाला घालावी लागेल. अल्जिब्रा अरबी, टॅरिफ अरबी, ॲडमिरल अरबी. पुराव्याने सिद्ध झालेले इतके आहे की उसने आणण्याची गरज नाही.

पालकांसाठी आणखी एक सांगतो. मोबाइलवरून पैसे जाऊ लागले तरी चेक अजून गेलेला नाही. 1 जानेवारी 2021 पासून 50,000 रुपये आणि त्यावरच्या चेकसाठी ‘पॉझिटिव्ह पे’ ही सोय सुरू झाली आहे. चेक दिला की तारीख, नाव, रक्कम हे तपशील आपण बँकेला वेगळे कळवायचे. चेक वटण्यास आला की बँक दोन्ही जुळवून पाहते. एक तुकडा आपला, एक तुकडा खजिन्याचा, तीच खाचांची काठी. घरातल्या आठवीच्या मुलाला जवळ बसवून हे तपशील त्याच्याकडून भरून घ्या. त्याचे इंग्रजीही होईल आणि तुमचा चेकही सुखरूप राहील.

विद्यार्थ्यांना मी पुढचा शब्द देऊन ठेवतो : ‘मॅगझिन’. वाचायचे मासिक म्हणजे मॅगझिन आणि बंदुकीत गोळ्या भरतात तेही मॅगझिन. दोघांचे नाते काय? शाळेच्या वाचनालयात मोठा कोश मधल्या टेबलावर ठेवला आहे. उत्तर सापडेल त्याने शनिवारी मधल्या सुट्टीत मला येऊन सांगावे, आणि कोणत्या पानावर सापडले तेही सांगावे.